चुनखडीच्या जमिनीत कुंपणालगत झाडं लावण्याआधी

आधी बोअरचं पाणी तपासा, नर्सरीत त्यानंतर जा. मागच्या खेपेला मातीचा रिपोर्ट आणला, खड्डे नीट भरले, पाणी तपासायचं तेवढं राहिलं, आणि वर्षभरात सगळा वाफा केवडा पडून (लोह न मिळाल्याने पानं पिवळी पडतात तो रोग) पिवळा झाला. म्हणून यादीत पहिलं पाणी.

पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. सामू (pH) आणि क्षारता सहसा मिळतेच, पण बायकार्बोनेट आणि आरएससी (उरलेलं सोडियम कार्बोनेट) मुद्दाम सांगून लिहून घ्या. आरएससी लिटरला 1.25 मिलिइक्विव्हॅलंटच्या (meq/L) आत असेल तर चिंता नाही. 2.5 च्या वर असेल तर ते पाणी वाफ्याला नको. गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ना, तोच चुना प्रत्येक पाळीला मुळाशी बसतो.

आता माती. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसलं की मुक्त चुना आहेच. नुसतं वरचं ढेकूळ बघून थांबू नका, 45 सेंमी खणून खालचंही बघा. सोलापूर-बीडकडे वर काळी माती आणि खाली पांढऱ्या खड्यांचा थर असं बऱ्याच ठिकाणी सापडतं. खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं दिसलं तर जागा बदला किंवा वाफा उंच करा.

मुक्त चुना दहा टक्क्यांवर असेल तर जमीन सुधारायचा नाद सोडा. एक चौरस मीटर जागेत 20 सेंमी खोलीपर्यंत साधारण 260 किलो माती असते, म्हणजे 26 किलो चुना. तो संपवायला आठ किलोहून जास्त गंधक लागेल, आणि पाणी तपासलं नसेल तर बोअर तो चुना परत आणून घालेल. जिप्सम चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीला उपयोगी, चुनखडीला नाही. राख अजिबात नको. खड्ड्यात लाल माती भरून जास्वंद लावायचा मोह होतो. पहिले काही महिने झाड छान दिसतं, मग तीही माती पाण्यामुळे चुन्याची होते. पाणी, पाणी, पाणी!

झाडं जमिनीला मानवणारीच निवडा. मागच्या रांगेत बोगनवेल, शंखासूर, टेकोमा, एक-सव्वा मीटर अंतराने. कण्हेरही उत्तम येते, पण ती विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे लावू नका. मधे साठ सेंमीवर रुएलिया, बुटकं डाळिंब आणि रुपेरी पानांचं ल्युकोफायलम. हे शेवटचं चुनखडीत खरोखर खुलतं, फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका. पुढे झिनिया, बटनफूल, ऑफिस टाइम, कोरफड. इक्झोरा, अनंत, हायड्रेंजिया यांचं नाव काढू नका. फारच हौस असेल तर कुंडीत लावा आणि छपराचं साठवलेलं पावसाचं पाणीच घाला.

भिंतीपासून निदान 45 सेंमी सोडा, पायाशी प्लास्टर आणि सिमेंटचा राडारोडा पुरलेला असतो. तो उपसून काढा.

केवडा ओळखायचा तो कोवळ्या पानावरून: पान पिवळं आणि शिरा हिरव्या, जाळीसारख्या. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे, लोह नव्हे. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकलं तर चुना त्याला लगेच निकामी करतो. फवारणीतून द्या, लिटरला पाच ग्रॅम आणि एक ग्रॅम सायट्रिक आम्ल, सकाळी किंवा संध्याकाळी. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट (लोह धरून ठेवणारं संयुग) घ्या, ईडीटीए इतक्या सामूला टिकत नाही. दुकानात नुसतं ‘चिलेटेड लोह’ म्हणून पुडी पुढे करतील, लेबल वाचूनच पैसे द्या.

बाकी नेहमीचंच. शेणखत मुरलेलं, चौरस मीटरला पाच किलो. लागवड पहिल्या दोन-तीन पावसांनंतर. पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न टेकवता. ठिबकच्या तोट्या चुन्याने बुजतात, महिन्याला बघा. आणि बोअर खोल नेलं, नवं पाडलं किंवा टँकर सुरू केला, तर पाणी परत तपासा.