सिझरनंतर पलंगावरून उठताना टाक्यांत कळ: मला कशाने उतार पडला

सिझरचा तिसरा दिवस. पडून असताना काही नाही, पण उठायला गेलं की टाक्यांच्या उजव्या टोकाला चर्रकन कळ जायची; शिंकताना, हसतानाही तेच. आईचा हात धरून ओढून उठले, पोटाचा पट्टा आवळला, गोळी अगदीच सहन होईना तेव्हाच घेतली. सगळं फुकट. रात्री दोनला बाळ रडतंय आणि मी अर्धी उठून अडकलेली, तेव्हा मलाही रडू फुटलं.

सकाळी वॉर्डातल्या सिस्टरांनी आधी गोळीची वेळ बदलायला लावली. डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दुखो न दुखो: ६, १२, ६, १२. अंगावर पाजत असतानाही ती चालते. कळ चढू द्यायचीच नाही.

मग उठणं. पाठीवरून सरळ उठायचं नाही. दोन्ही गुडघे वाकवून पावलं गादीवर टेकवायची. खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यायचं. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे आणि त्याच क्षणी खालचं कोपर व वरचा तळहात गादीवर रेटायचा, तोंडाने श्वास सोडत. जोर हातांचा, पोटाचा नाही. बसल्यावर मिनिटभर थांबायचं, नाहीतर भोवळ येते. खोकला आलाच तर टाक्यांवर उशी दाबून धरायची. मी बाळाची दुपटी घडी करून वापरली.

त्याच संध्याकाळी एकटी उठले. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, टाक्यांतून पू किंवा एकाच पायाला सूज असेल तर मात्र हे करत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.