खड्ड्याच्या काठावर कुणाचं नाव? न्यू जर्सीत जमिनीखालच्या तेलाच्या टाक्यांच्या कामात येणाऱ्यांसाठी

मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका मुलानं मला गाठलं. कराडकडचा, सिव्हिलचा डिप्लोमा, तिकडे पेट्रोल पंप उभारणाऱ्या ठेकेदाराकडे चार वर्षं काढलेली. ग्रीन कार्डावर येऊन दोन महिने झाले होते. म्हणाला, "काका, टाक्या बसवायचं काम मला येतं. इथे लायसन्स कुठून काढायचं?" ताट हातात घेऊन जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितो, कारण हाच प्रश्न मला आता वर्षातून पाच-सहा जण तरी विचारतात.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकावी लागते. आपल्याकडे पंपाचं "एक्स्प्लोझिव्हचं लायसन्स" म्हटलं की सगळ्यांना नागपूर आठवतं, पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय तिथे आहे म्हणून. ते लायसन्स जागेचं असतं, साठ्याचं असतं. पंपमालकाच्या फाइलीत राहतं, आणि खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला त्यानं फारसा फरक पडत नाही. इथे न्यू जर्सीत टाकीची नोंदणी मालकाच्या नावावर असतेच, पण त्याखेरीज काम करणाऱ्या कंपनीला वेगळं सर्टिफिकेशन लागतं आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून काम करून घेणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाचं. तो माणूस जागेवर नसेल तर काम करता येत नाही.

याचं मूळ १९८४ सालात आहे. देशभर जुन्या साध्या लोखंडी टाक्या गळून विहिरींच्या पाण्यात पेट्रोल उतरत होतं, म्हणून अमेरिकेच्या संसदेनं त्या वर्षी जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८८ मध्ये केंद्राचे तांत्रिक नियम आले. जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत होती. पण टाकी बसवणाऱ्याचं व्यक्तिगत लायसन्स केंद्र सरकार देत नाही, ते राज्यावर सोडलेलं आहे. त्यामुळे टेक्सासमधल्या चुलतभावानं फोनवर सांगितलेलं इथे चालेलच असं धरू नका. तिथे बसवण्याचं लायसन्स 'ए' आणि काढण्याचं 'बी'. कॅलिफोर्नियात आयसीसीची (इंटरनॅशनल कोड कौन्सिलची) परीक्षा, ती दर दोन वर्षांनी नव्यानं, शिवाय ठेकेदाराचं राज्य-लायसन्स निराळं.

आणि या ए-बी-मुळे एक घोळ हमखास होतो. गॅस स्टेशनवर काउंटरला लागलेली आपली मुलं सांगतात, "माझ्याकडे क्लास सी आहे." ते ऑपरेटरचं, म्हणजे बसवलेली टाकी चालवणाऱ्याचं प्रशिक्षण. ए, बी आणि सी असे ऑपरेटरचे तीन वर्ग साऱ्या देशात आहेत, आणि सी म्हणजे गळती किंवा सांडलवंड झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबणारा आणि फोन करणारा माणूस. ते शिक्षण उपयोगाचं आहे, मी कुणालाही करायला सांगेन. पण त्यावर टाकीला हात लावता येत नाही.

न्यू जर्सीत हे सर्टिफिकेशन डीईपी, म्हणजे राज्याचं पर्यावरण खातं देतं. प्रकार वेगवेगळे आहेत: टाकी बसवणं, टाकी बंद करणं किंवा काढणं, टाकीची गळती-चाचणी, जमिनीखालच्या मातीची तपासणी आणि कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे गंज रोखणारी विद्युतयंत्रणा. बसवण्याचं आहे म्हणून काढता येतं असं नाही. प्रत्येकाची परीक्षा आणि प्रत्येकाचा अनुभव वेगळा मोजतात. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि नव्यानं काढताना मधल्या काळात घेतलेलं प्रशिक्षण दाखवावं लागतं. कंपनीला माणसाखेरीज आर्थिक हमीही दाखवावी लागते, म्हणून आल्या आल्या स्वतःची कंपनी काढायच्या फंदात पडू नका. रटगर्स विद्यापीठात या विषयाचे छोटे वर्ग होतात. फी झोंबते, पण शिकवणारे कामातले असतात.

माझा सल्ला विचाराल तर काढण्याच्या बाजूनं शिरा. या राज्यात जुन्या घरांच्या अंगणात, गॅसची लाइन येण्याआधीच्या काळातल्या हीटिंग ऑइलच्या, म्हणजे घर गरम ठेवायच्या तेलाच्या टाक्या अजून पुरलेल्या आहेत. बहुतेक ५५० गॅलनच्या, म्हणजे साधारण दोन हजार लिटर. घर विकायला निघालं की घेणारा आधी टाकी शोधणाऱ्याला बोलावतो. एडिसनला किंवा पार्सिपनीला घर घेतलेल्या आपल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. घरगुती तेलाच्या या टाक्यांना मोठ्या टाक्यांचे सगळे नियम लागत नाहीत, पण त्या काढणाऱ्याला सर्टिफिकेशन लागतंच, आणि नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचं परमिटही.

तिथे काम कसं चालतं ते सांगतो. आधी ८११ ला फोन करून गॅस, पाणी, विजेच्या लाइनींच्या खुणा करून घ्यायच्या. माती बाजूला करून टाकीचं डोकं उघडं पाडायचं, वरून पत्रा कापायचा, उरलेलं तेल आणि तळाचा गाळ ओढून घ्यायचा, आतून पुसून कोरडी करायची, मग उचलायची. खरी परीक्षा उचलल्यावर. टाकी आडवी करून तिचं पोट खरवडायचं. वरून धडधाकट दिसणारा पत्रा स्क्रेपरच्या दुसऱ्या फटक्यात सुईच्या टोकाएवढा फुटतो, आणि त्या भोकाच्या बरोबर खालची माती काळपट, हाताला चिकट लागते. मिडलसेक्स काउंटीच्या लाल चिकणमातीत डाग बऱ्याचदा टाकीजवळच थांबतो. दक्षिणेकडच्या वाळूत तेल कुठवर गेलं हे खोदल्याशिवाय कळत नाही. भोक दिसलं आणि मातीत तेल असलं की डीईपीच्या हॉटलाइनला कळवायचं. घरमालक हात जोडून "राहू द्या ना" म्हणाला तरी कळवायचं. त्याच्या घराच्या किमतीचा प्रश्न असतो, त्याचा चेहरा बघवत नाही हे मला माहीत आहे. पण शेजारच्या घरातही कुणीतरी राहतंय.

पेट्रोलच्या टाकीचं गणित निराळं. हीटिंग ऑइलची वाफ थंडीत सहजासहजी पेटत नाही. पेट्रोलची हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगी पुरते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी आणि खड्ड्यात साचते. म्हणून टाकीत आधी कोरडा बर्फ टाकून किंवा हवा खेळवून वाफ घालवतात, आणि मीटर वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी धरतात. पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर वाफ किंवा १९.५ टक्क्यांखाली प्राणवायू दिसला तर आत माणूस उतरत नाही. नव्यानं आलेल्या मुलांना मीटर वाचणं हलकं काम वाटतं. मला तेच सगळ्यात जोखमीचं वाटतं, कारण बाकी सगळे तुमच्या तोंडून निघणाऱ्या आकड्यावर विसंबून असतात. खड्डा पाच फूट किंवा त्याहून खोल गेला की बाजू तिरक्या कापायच्या किंवा आधार लावायचा, आणि काढलेली माती काठापासून दोन फूट तरी मागे. तिकडे आपण दहा फूट सरळ खोदलेलं पाहिलंय. ती सवय विमानातून उतरतानाच सोडून द्या.

बसवण्याच्या कामात तुमचा तिकडचा अनुभव जास्त उपयोगी पडेल, पण नियम बदललेत. एप्रिल २०१६ नंतर बसवलेली टाकी आणि पाइप दोन्ही दुहेरी कवचाचे असावे लागतात. भूजल वर असेल तर रिकामी टाकी तरंगून वर येते: १०,००० गॅलनच्या टाकीला पाणी सुमारे ८३,००० पौंडांनी वर ढकलतं, म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यांना पट्ट्यांनी बांधतात. पुष्कळ कंपन्या टाकी आणि पाइप बनवणाऱ्यांचंही प्रशिक्षण मागतात. मालकानं पाठवलं तर नाही म्हणू नका.

आता कागदपत्रांबद्दल एक कडक गोष्ट. एच-वन-बीवर असाल तर शनिवार-रविवारी रोख पैशांवर हेल्पर म्हणून जाऊ नका. विद्यार्थी असाल तरी नको. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर काम करण्याचं स्वतःचं कार्ड असेल तरच. रोखीच्या कामाचा अनुभव अर्जात दाखवता येत नाही, आणि अपघात झाला तर तुम्ही तिथे होतात हे मानायलाही कुणी तयार होत नाही.

काम करायची मुभा असेल तर ४० तासांचं हॅझवोपर, म्हणजे घातक पदार्थांच्या जागी सुरक्षित काम करण्याचं प्रशिक्षण आधी करा. त्यानंतर तीन दिवस अनुभवी माणसाच्या हाताखाली प्रत्यक्ष जागेवर, मग दर वर्षी आठ तासांची उजळणी. नुसत्या डिप्लोम्यापेक्षा या कार्डाकडे फोरमन आधी बघतो.

माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. सर्टिफिकेट मिळून वर्ष झालं असेल. ज्या कंपनीत होतो तिनं एका दिवशी दोन गावांत दोन टाक्या काढल्या. मी एका जागी होतो. संध्याकाळी दुसऱ्या जागेचा अहवाल माझ्यापुढे आला, माझ्या नावानिशी, सहीची जागा रिकामी. "सगळं ठीक होतं, सही कर." मी ती टाकी पाहिली नव्हती, तिचं पोट कुणी खरवडलं का हेही मला माहीत नव्हतं. सही केली नाही. दोन महिन्यांनी ती नोकरी गेली. घरात तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आणि मार्चपर्यंत आम्ही बायकोच्या पगारावर काढलं. तुमच्यापुढेही असा कागद येईल. तुम्ही नवीन असाल, इंग्रजी अडखळत असेल, नोकरीची गरज असेल, म्हणूनच तो तुमच्यापुढे येईल. करू नका. सर्टिफिकेट जाईल तर तुमचं जाईल.

कराडच्या त्या मुलाला मी एक वही आणायला सांगितली. पहिल्या दिवसापासून रोज लिही: तारीख, पत्ता, टाकी किती गॅलनची, कशाची, परमिट नंबर, सर्टिफाइड माणूस कोण होता, तू स्वतः काय केलंस, मीटरचे आकडे. खाली फोरमनची सही घे. नंतर अर्जात अनुभव लिहायची वेळ येते तेव्हा जुनी कंपनी बंद पडलेली असते, फोरमन फ्लोरिडाला गेलेला असतो. गेल्या महिन्यात त्यानं वही दाखवायला आणली. एकोणीस टाक्या झाल्यात. सातव्या पानावर चिखलाचा अंगठा उमटलाय, आणि त्याखाली लिहिलंय: "५५० गॅलन, दोन भोकं, हॉटलाइनला कळवलं."