अमावास्येपेक्षा अष्टमी बरी: मालवण-देवबागची संध्याकाळची होडी

हिवाळ्यात मालवणला येणाऱ्या पुष्कळ पाहुण्यांना एकाच संध्याकाळी तीन गोष्टी साधायच्या असतात. आधी स्नॉर्कलिंग करून प्रवाळ आणि मासे पाहायचे, मग होडीने बेटांवर उतरायचे आणि अंधार पडल्यावर निळे चमकणारे पाणी पाहून परतायचे. या तिन्हींच्या गरजा मात्र एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. स्नॉर्कलिंगला उजेड आणि नितळ पाणी लागते, चमकणाऱ्या पाण्याला काळोख लागतो आणि होडीला खाडीच्या मुखातून सुखरूप आत येण्यासाठी पुरेशी भरती लागते. म्हणून होडीचे भाडे विचारण्याआधी घरच्या भिंतीवरचे पंचांग पाहावे.

मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. चांदण्यात समुद्र अधिक देखणा दिसेल, एवढाच विचार मी केला होता. तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, पैसे घेण्याआधीच सांगितले होते, "साहेबांनू, आज चांदणा आसा, काय दिसाचा नाय." मी ऐकले नाही आणि दोन तास चंदेरी पाणी पाहून परत आलो. पाणी चमकते ते त्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांमुळे, म्हणजे प्लवकांमुळे, आणि चंद्र वर असला की त्यांचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

यावर लोकांना चटकन सुचणारा उपाय म्हणजे अमावास्या, आणि नुसते चमकणारे पाणी किनाऱ्यावरून पाहायचे असेल तर तो योग्यही आहे. परंतु होडीची पूर्ण सफर करायची असेल तर अमावास्येला भरती-ओहोटीचे गणित विरुद्ध जाते. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा येते. म्हणजे भरती दुपारच्या आधी आणि रात्री, तर ऐन संध्याकाळी सुकती, म्हणजे ओहोटी. त्यातच ते दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी जोराने वाहते, तळाची वाळू ढवळते आणि खडपांभोवती गढूळपणा येतो. याउलट अष्टमीला आठाची पाऊणपट सहा येते. मालवणच्या बाजूला भरती या हिशेबापेक्षा थोडी आधीच भरते, त्यामुळे दुपारी तीननंतर समुद्राकडून स्वच्छ पाणी आत येत असते आणि सूर्यास्ताच्या सुमारास खाडीत भरपूर पाणी असते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी आणि ओढही कमी. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे काळोखही हवा तेवढा मिळतो.

थोडक्यात, कार्तिक, मार्गशीर्ष किंवा पौष महिन्यातील वद्य षष्ठी ते दशमी हे दिवस निवडावेत. हे लक्षात ठेवण्याची सोपी खूण म्हणजे संकष्टी. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेला असतोच. त्यात दररोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटे मिळवत गेल्यास काळोख किती वेळ मिळेल ते कळते. पाऊणपटीचा हिशेब अंदाजापुरताच धरावा आणि निघण्याच्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक किंवा बंदरावरचा माणूस, यांपैकी एकाकडून वेळ पक्की करून घ्यावी.

ज्या प्लवकांमुळे पाणी उजळते त्यांतील आपल्या किनाऱ्यावर वारंवार आढळणारा जीव म्हणजे नॉक्टिल्युका. तो एकपेशीय असला तरी त्याचा व्यास अर्धा-एक मिलिमीटर भरू शकतो, त्यामुळे पेल्यात घेतलेल्या पाण्यात तो साबुदाण्याच्या चुऱ्यासारखा डोळ्यांनाही दिसतो. पाणी हलले, लाट फुटली, माशाचा धक्का लागला की त्याच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरता निळा प्रकाश पडतो. म्हणजेच शांत पाणी काळेच दिसते. "काही चमकत नाही" म्हणून लोक परत फिरतात, तेव्हा बहुधा त्यांनी पाण्यात हातच घातलेला नसतो. दिवसा हेच जीव फार दाटले तर पाण्यावर तांबूस किंवा हिरवट पट्टे दिसतात.

हे पाणी कोणत्या रात्री चमकेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्याकडे होडी ठरवू नये. त्याऐवजी आदल्या रात्री स्वतः पाहणी करावी. तारकर्ली किंवा देवबागच्या किनाऱ्यावर, घरांच्या दिव्यांपासून दूर, लाट जिथे येऊन विरते तिथल्या ओल्या वाळूवर पाय जरा घासत चालावे. पावलाभोवती निळ्या ठिणग्या उमटल्या तर दुसऱ्या दिवशीची आशा धरण्यास हरकत नाही. पहाटे मासळी घेऊन येणाऱ्यांना विचारणे हा दुसरा मार्ग, कारण रात्री जाळे ओढताना ते पेटल्यासारखे दिसले की नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. एकच होडी घेऊन मालवणहून समुद्रमार्गे देवबागपर्यंत जाण्यापेक्षा दोन होड्या घ्याव्यात, असे माझे मत आहे. स्नॉर्कलिंग मालवणला करावे, मग दहा-बारा किलोमीटर रस्त्याने देवबागला यावे आणि तिथून कर्ली खाडीतली होडी घ्यावी. खर्च थोडा वाढतो, पण ओल्या कपड्यांनी वाऱ्यात बसणे वाचते आणि खाडीच्या मुखाशी उठणाऱ्या लाटांतून दमलेल्या मुलांना नेण्याची वेळ येत नाही. ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा असेल, तर त्या मुखाशी लाटा अंगावर येतात.

स्नॉर्कलिंगसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा खडकाळ भाग प्रसिद्ध आहे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ मध्ये या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, आणि किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी पाहायच्या असतील तर सकाळचा वेगळा वेळ काढावा. संध्याकाळच्या सफरीत किल्ला कोंबू नये. हा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून प्रवाळाचा तुटलेला तुकडाही उचलू नये. येथील पाणी लक्षद्वीपसारखे काचेसारखे नसते. दोन-चार मीटरपर्यंत स्पष्ट दिसले तरी दिवस चांगला समजावा.

खरे तर पाणी सकाळी अधिक शांत असते. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून वाहू लागतो आणि पाणी ढवळते. तरीही संध्याकाळचाच बेत असेल तर किल्ल्याची किंवा खडपाची वाऱ्याआडची, म्हणजे आग्नेयेकडची, बाजू मागून घ्यावी, साडेतीनपर्यंत पाण्यात उतरावे आणि पावणेपाचला बाहेर यावे. त्यानंतर सूर्य इतका कलतो की त्याचे किरण पाण्यात शिरण्याऐवजी पृष्ठभागावरूनच परततात आणि खाली नुसता हिरवट अंधार उरतो.

मास्क निवडताना घाई करू नये. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क चेहऱ्यावर ठेवावा, नाकाने हलका श्वास आत ओढावा आणि हात सोडावा. तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. मिशा असणाऱ्यांच्या मास्कमध्ये ओठाच्या वरून पाणी शिरते, त्यांनी तिथे थोडे व्हॅसलीन लावावे. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्याने विसळणे हा उपाय किळसवाणा वाटला तरी तो चालतो. तोंडात धरलेल्या नळीत पाणी गेले की घाबरून डोके वर न काढता तोंडाने एकदाच जोरात फुंकर मारावी. ही फुंकर कमरेइतक्या पाण्यात पाच-सहा वेळा जमल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नये. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावेच, आणि सोबतचा माणूस रबरी रिंग देतो ती धरून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

पाण्यात तोंड घातल्यावर पहिले काही क्षण स्वतःच्या श्वासाचा आवाजच मोठा वाटतो. तो संथ झाला की मग खडपावरची जांभळट शेवाळे, पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेल्या लहान माशांचे थवे आणि कपारीतून डोके काढणारा एखादा हेकरू मासा दिसू लागतो. पुष्कळदा सोबतचा माणूस पावाचा चुरा टाकून मासे जमवतो. छायाचित्र चांगले येते, हे खरे. पण त्यामुळे माशांना भलतीच सवय लागते, म्हणून पाव टाकू नका असे आधीच सांगून ठेवावे. खडपावर उभे राहू नये. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि फटींत समुद्री साळिंदराचे काटे असतात. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे वाळूत दबलेले पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दूर जाते.

देवबागच्या होडीत साडेपाचच्या सुमारास बसावे. होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या रंगवलेली आहे ना, प्रत्येकाला बकल शाबूत असलेले लाइफ जॅकेट आहे ना, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र स्पष्ट शब्दांत विचारावा: सूर्यास्तानंतर प्रवासी नेण्याची परवानगी आणि होडीवर दिवे आहेत का? जलक्रीडा दिवसाउजेडीच चालतात आणि बहुतेक प्रवासी होड्या तिन्हीसांजेला काठाला लागतात. उत्तर गुळमुळीत आले तर आग्रह धरू नये. सूर्यास्तापर्यंत खाडी फिरून परतावे आणि पुढचा भाग किनाऱ्यावरून किंवा धक्क्याच्या पायरीवरून पाहावा. त्यात फारसे काही कमी होत नाही. पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, या होड्या बंदच असतात.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या संगमाजवळ त्सुनामी आयलंड नावाचा वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे स्थानिक लोक सांगतात. वद्य अष्टमीच्या संध्याकाळी भरती असल्यामुळे त्याचा बराच भाग पाण्याखाली असतो, आणि माझ्या बेताची ही एक उणी बाजू आहे, हे मान्य करावे लागेल. ज्यांना वाळूवर मोकळे फिरायचे आहे त्यांनी होडी पलीकडे भोगव्याच्या पुळणीला लावायला सांगावी. तिथून सूर्यास्तही अडथळ्याविना दिसतो. निवतीच्या पुढे समुद्रात असलेल्या वेंगुर्ला रॉक्सच्या बेटांवर पाकोळ्यांची घरटी आहेत, पण ती वाट लांबची आणि खुल्या समुद्रातली असल्यामुळे या सफरीत धरू नये.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तरी पूर्ण काळोख व्हायला आणखी सव्वा तास लागतो. हा वेळ गप्पांत घालवावा, मोबाइल खिशातून काढू नये. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिले की ती सगळी तयारी वाया जाते. टॉर्च लागलीच तर तिच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधावा.

होडीत असाल तर मशीन बंद करायला सांगावे आणि मग हात पाण्यात घालावा. गेल्या पौषात मी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून कोपरापर्यंत हात बुडवला, तेव्हा बोटांमधून निळसर धूर निघावा तसा उजेड निघाला. हात बाहेर काढल्यावर मनगटावरच्या केसांत दोन-तीन ठिणग्या अडकून राहिल्या आणि पाहता पाहता विझल्या. तेवढ्यात खालून एक लहान मासा निसटला. तो दिसला नाही, पण त्याने मारलेली वळणावळणाची रेघ दिसली. पलीकडे कोणी वल्हे मारत होते, आणि वल्हे वर आले की त्यावरून गळणारा प्रत्येक थेंब पाण्यावर पडून एक लहान वर्तुळ पेटवत होता.

छायाचित्र हवे असेल तर ते काठावरूनच काढावे. हलत्या होडीत फक्त रेघोट्या येतात. तिपाईवर मोबाइल ठेवून नाइट मोडमध्ये दहा-पंधरा सेकंदांचे चित्र घ्यावे आणि छायाचित्रातला निळा रंग डोळ्यांना दिसलेल्या रंगापेक्षा गडद येतो, हे घरच्यांना सांगून टाकावे.

अंधारात पोहायला मात्र उतरू नये. खाडीची ओढ दिसत नाही, जेलीफिश दिसत नाही, आणि नॉक्टिल्युका दाट असेल तर त्यातील अमोनियामुळे काहींच्या कातडीला खाज सुटते. जेलीफिशचा स्पर्श झालाच तर जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा. पाकटाचा काटा लागल्यास सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय धरल्याने वेदना उतरतात, पण डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.

दुपारी पोटभर वडे-सागोती खाऊन होडीत बसू नये; पेज किंवा थोडा वरणभात पुरतो, आणि जेवण परतल्यावर करावे. होडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी, कारण मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आणि पाणी त्या रात्री चमकलेच नाही, तर जवळच्या एखाद्या गावात जत्रा आहे का, हे होमस्टेच्या मालकीणबाईंना विचारावे. हे महिने जत्रांचे असतात आणि दशावताराचा खेळ तसाही मध्यरात्रीशिवाय रंगात येत नाही.