मोठ्या शहरात पाहुण्यांना जेवायला नेताय? या चुका टाळा

आमच्या बेळगावात उद्यमबागेतला कारखानदार असो की टिळकवाडीतले निवृत्त सर, पुण्याला किंवा बेंगळूरला कुणाला तरी चांगल्या हॉटेलात दुपारचं जेवण द्यायचं ठरलं की आधी मोबाईलवर फोटो बघितले जातात. झुंबर, काचेची भिंत, ताटलीतली फुलं. त्यावर हॉटेल ठरतं. फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या धंद्यानं या दोन्ही शहरांत अशी जेवणं ठरवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळं ओळखीतले लोक निघायच्या आदल्या रात्री मला फोन करतात. तेव्हा टेबल ठरलेलं असतं, आगाऊ पैसेही भरलेले असतात. पाहुणा कुठून येणार, त्याला किती वाजता उठायचंय आणि तो काय खात नाही, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं.

पाहुण्याला शहरभर फिरवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. आमच्या भागातल्या एका शेडमालकाची चाकणच्या एका कंपनीत कास्टिंगची मोठी ऑर्डर बोलणीत होती. खरेदी विभागाच्या साहेबांना जेवायला बोलवायचं म्हणून त्यांनी कोरेगाव पार्कातलं एक महागडं हॉटेल ठरवलं, कारण जावयानं तिथले फोटो पाठवले होते. चाकणहून कोरेगाव पार्क म्हणजे भर दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला येणं. साहेब पोचले सव्वादोनला. जेवण एकामागून एक येणाऱ्या छोट्या ताटल्यांचं होतं, आणि दोन ताटल्यांच्या मध्ये वीस-वीस मिनिटं. सूप झालं, मशरूमचा एक घास झाला, तिसरी ताटली आली तेव्हा साहेबांनी मनगटावरचं घड्याळ फिरवून बघितलं. कंपनीत साडेचारला मीटिंग होती. मेन कोर्स टेबलावर यायच्या आत ते हात धुऊन, माफी मागून निघाले. ते जेवण डब्यात भरून मिळालं आणि रात्री कोल्हापूरच्या अलीकडं गाडीत खाल्लं गेलं. दराचा विषय निघालाच नाही.

हॉटेल वाईट नव्हतं. त्या माणसासाठी आणि त्या वेळेसाठी चुकीचं होतं.

मी नकाशा पाहुण्याच्या कंपनीच्या गेटवरून उघडतो. कामाच्या दिवशी, जेवणाच्याच वेळी, तिथून पंचवीस मिनिटांत जे येईल तेवढंच बघतो. चाकणचा पाहुणा असेल तर पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला असेल तर यशवंतपूर-मल्लेश्वरमकडं. शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डमध्ये कितीही नावाजलेलं हॉटेल असू दे, पीण्यातल्या माणसाला मी तिकडं ओढत नाही. प्रवास आपण करायचा. आणि पाहुण्याला तासाभरात उठायचं असेल तर बुफे किंवा थाळी.

‘तीनपर्यंत चालू’ याचा अर्थ न विचारणं

तीनला बंद होणाऱ्या हॉटेलात शेवटची ऑर्डर बहुतेक वेळा अडीच-पावणेतीनला घेतात. आपल्याकडं खानावळीत अडीचला गेलं तरी ‘या, बसा’ म्हणतात, त्या सवयीनं तिथं जाऊ नका. पहाटेची वंदे भारत बेंगळूरला दोनच्या सुमारास पोचते, पुण्याची दीडच्या सुमारास. त्याच गाडीनं उतरून त्याच दुपारी मोठं जेवण ठरवणारे मला दरवेळी भेटतात. बेंगळूरला जायचं तर आदल्या दिवशीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडा, आंघोळ करून निवांत जा. फोनवर विचारायचं ते ‘बंद कधी?’ असं विचारू नका, ‘शेवटची ऑर्डर किती वाजता?’ असं विचारा. कित्येक ठिकाणं सोमवारी बंद असतात, तेही तेव्हाच कळतं.

पथ्य टेबलावर बसल्यावर सांगणं

याचा मला मनापासून राग येतो, कारण यात भोगतात ती घरातली वडीलधारी माणसं. निपाणीकडच्या एका जैन घरातली लग्नाची बोलणी बेंगळूरला ठरली होती. मुलाकडच्यांनी उत्साहानं पंचतारांकित हॉटेल घेतलं. खुर्चीवर बसल्यावर मामांनी कॅप्टनला सांगितलं, कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही. कॅप्टन आत जाऊन आला आणि अदबीनं म्हणाला, जिरा राईस, पनीर टिक्का आणि उकडलेल्या भाज्या देता येतील. मुलीच्या आजीनं पनीरला मॅरिनेशनमध्ये लसूण आहे का विचारलं. होता. आजींनी दही-भात मागवला आणि बाकीचे मान खाली घालून जेवले.

यात आचाऱ्याचा दोष नाही. मोठ्या हॉटेलात ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवतात. कांदा-टोमॅटोची, मखनी, काजूची पांढरी, आणि त्यांत कांदा-लसूण बहुधा आधीच शिजलेला असतो. दुपारी दोनला तो कुणी बाहेर काढू शकत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर तेच आचारी वेगळी ग्रेव्ही करतात, आणि मनापासून करतात. म्हणून एक दिवस आधी फोन करा, मॅनेजरचं नाव लिहून घ्या, काय चालत नाही ते एकेक पदार्थाचं नाव घेऊन सांगा. नुसतं ‘जैन’ म्हणून सोडू नका, घराघरात फरक असतो. बेंगळूरला फोन करताना कन्नडमधून बोला. आपल्याला येतं, आणि समोरचा मोकळेपणानं बोलतो.

घरात कुणी माळकरी असेल किंवा श्रावण चालू असेल तर थाई आणि चिनी पदार्थांची खास चौकशी करा. भाज्यांच्या करीतही फिश सॉस किंवा कोळंबीची पेस्ट असू शकते, सुपाला चिकनचं पाणी असू शकतं, पुडिंगमध्ये जनावरांपासून बनणारं जिलेटिन. मेनूवरची हिरवी खूण बघून थांबू नका, तोंडानं विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात. सत्तरीतल्या माणसांना गच्चीवरच्या हॉटेलात नेताना लिफ्ट कुठपर्यंत जाते ते विचारा. स्पीकर आणि बुफेच्या शेजारचं टेबल घेऊ नका, बोलणी ओरडून होत नाहीत. पाचशे जणांनी चार तारे दिले म्हणजे ते पाचशे जण तुमच्यासारखं जेवतात असं धरू नका. रात्री पार्टीला गेलेल्यांचं मत दुपारच्या जेवणाला लागू पडत नाही.

बिलाचा अंदाज मेनूतल्या आकड्यावरून बांधणं

साध्या रेस्टॉरंटात जीएसटी 5 टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात तो 18 टक्के. मेनूप्रमाणे 6,000 रुपयांचं जेवण पहिल्या ठिकाणी 6,300 ला पडतं, दुसऱ्या ठिकाणी 7,080 ला. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज धरला तर त्यावरही कर लागून 7,788. हा सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये त्या उचलून धरल्या. मी टेबल ठरवतानाच फोनवर सांगतो की तो बिलात नको, आणि वाढणाऱ्या पोराच्या हातात बक्षीस वेगळं देतो. पाहुण्यांसमोर बिलावरून वाद घालणं मला पटत नाही. तरीही लावलाच आणि काढायला नकार दिला, तर पैसे भरून बिल खिशात ठेवा आणि बाहेर आल्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.