परदेशात युद्ध पेटलं तर: सरकारी मदतीपर्यंत पोहोचायचं कसं

सरकारचं कर्तव्य नेमकं किती, हे आधी माहीत असावं. वाणिज्य दूतसंबंधांच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ५ सांगतं, की आपल्या नागरिकांचं हितरक्षण करणं आणि त्यांना मदत करणं हे दूतावासाचं काम आहे. भारतानं हा करार मान्य केला आहे. पण 'मला विमान पाठवा' असं हक्कानं मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तरीही आपल्या सरकारनं हे काम वेळोवेळी मोठ्या प्रमाणावर केलं आहे. १९९० मध्ये कुवेत-इराकमधून सुमारे १ लाख ७० हजार लोक परतले. २०१५ मध्ये येमेन, २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये सुदान आणि २०२५ मध्ये इराणमधूनही लोकांना बाहेर काढलं गेलं.

यातल्या बहुतेक मोहिमांचा साचा एकच दिसतो. विमान किंवा जहाज युद्धाच्या ऐन ठिकाणी क्वचितच येतं. ते शेजारच्या देशात किंवा सुरक्षित बंदरावर उभं असतं. कुवेतचे लोक अम्मानहून उडाले. सुदानमध्ये खार्टूमपासून पोर्ट सुदानपर्यंत सुमारे ८५० किलोमीटर बसनं जावं लागलं आणि तिथून नौदलाच्या जहाजानं जेद्दा गाठावं लागलं. म्हणून तयारी करायची ती त्या ठिकाणापर्यंत पोहोचण्याची.

नोंदणी

परदेशी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. तुम्ही त्या देशात आहात हे दूतावासाला आपोआप कळत नाही. व्हिसा तिथल्या सरकारनं दिलेला असतो, त्याची यादी आपल्या दूतावासाकडे असेलच असं नाही. घर, शहर किंवा फोन नंबर बदलला की नोंद बदला. बसची आखणी करताना पहिला प्रश्न 'कोणत्या शहरात किती माणसं' हा असतो, आणि जुना पत्ता असलेलं नाव चुकीच्या शहरात मोजलं जातं.

संकट सुरू झालं की दूतावास बहुधा नवा फॉर्म आणि टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅप गट काढतो. जुनी नोंदणी असली तरी नवा फॉर्म भरा. एका माणसाचा फॉर्म एकदाच भरावा. मित्र, काका आणि कॉलेज अशा तिघांनी तिघांच्या नंबरवरून भरला, तर एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात आणि कर्मचाऱ्यांचा वेळ त्या जुळवण्यात जातो.

मदतीचा संदेश असा लिहा, एकाच मजकुरात:

'पासपोर्टप्रमाणे नाव; पासपोर्ट क्रमांक; सोबत किती जण, त्यात मुलं, गरोदर, आजारी किती; इमारतीचं नाव आणि रस्ता; नकाशावरची खूण; चालू फोन; भारतातल्या एका नातेवाइकाचा फोन; पाणी-औषध किती दिवसांचं.'

'आम्ही अडकलोय, प्लीज वाचवा' एवढाच व्हिडिओ टाकला तर त्यावरून गाडी पाठवता येत नाही. शिवाय आपलं ठिकाण जाहीर केल्यानं लढाईच्या भागात धोका वाढतो.

निघायचं कधी

सूचना कशी वाचायची हे युक्रेनच्या तारखांवरून नीट कळतं. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हच्या भारतीय दूतावासानं सांगितलं: राहणं आवश्यक नसेल त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघण्याचा विचार करावा. २२ तारखेच्या सूचनेत स्पष्ट होतं, की वर्ग ऑनलाइन होतील का याची विद्यापीठाकडून खात्री होईपर्यंत थांबू नका. २४ तारखेला हल्ला झाला आणि हवाई हद्द बंद झाली. २६ ला सूचना आली की समन्वय साधल्याशिवाय सीमेकडे जाऊ नका. २ मार्चला खारकीव्हमधल्यांना सांगितलं गेलं: तातडीनं शहर सोडा, गाडी नसेल तर पायी पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा.

पंधरवड्यात सल्ला असा पुरता फिरला. त्यामुळे कालची सूचना आज पाळू नका, तारीख आणि वेळ बघूनच पुढे पाठवा. 'राहणं आवश्यक नसेल तर' हे शब्द दिसले की तिकीट काढा. दूतावासाची भाषा सौम्यच असते. यजमान देशाशी संबंध सांभाळत लिहावं लागतं. हजेरी बुडेल, फी वाया जाईल ही भीती खरी आहे, पण हवाई हद्द बंद झाल्यावर तेच अंतर कितीतरी पट महाग आणि धोक्याचं होतं. रशियाच्या सीमेलगतच्या सुमीमधले सुमारे ७०० विद्यार्थी ८ मार्चपर्यंत निघू शकले नाहीत, कारण सुरक्षित मार्गासाठी दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबणं गरजेचं होतं. तिथे कितीही धडपड केली तरी दूतावासाचं एकट्याचं काही चालत नाही.

पिशवीत काय

पासपोर्ट, निवास परवाना (आखातात असाल तर इकामा), त्यांच्या प्रत्येकी दोन छापील प्रती, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो. छोट्या नोटांत डॉलर किंवा युरो, कारण एटीएम आणि कार्ड सगळ्यांत आधी बंद पडतात. दहा दिवसांची औषधं आणि चिठ्ठी, पॉवर बँक, ऑफलाइन नकाशा. पिशवी एकच, स्वतः उचलून दहा किलोमीटर चालता येईल एवढीच.

पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचा दाखला लोक हमखास विसरतात. सुदानहून आलेल्या काहींना तो नसल्यामुळे भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावं लागलं. पीतज्वराच्या देशात जाणार असाल तर लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला पासपोर्टमध्येच ठेवा.

पासपोर्ट हरवला किंवा मालकाकडे अडकला असेल तर दूतावासाकडे आपत्कालीन प्रमाणपत्र मागा. हे फक्त भारतात परतण्यासाठी आणि एकदाच चालतं. पण ते मिळालं म्हणजे सुटलो असं नाही: वाटेतल्या देशाची परवानगी आणि निघणाऱ्या देशाची निर्गमन मंजुरी वेगळी लागते. सौदीत कफीलनं (तुम्हाला कामावर आणणाऱ्या मालकानं) 'हुरूब' लावला असेल, म्हणजे तुम्ही पळून गेल्याची नोंद केली असेल, तर दूतावासाला ते पहिल्याच संदेशात सांगा. विमानतळावर समजलं तर तिथून परत फिरावं लागतं.

पैसे नसतील तर

अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. राहणं-जेवण, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट आणि संघर्षाच्या भागातून सुटका यासाठी तो वापरता येतो, पण परिस्थिती बघून. म्हणून अर्जात पगार, थकबाकी आणि शिल्लक स्पष्ट लिहा. प्रवास विम्यावर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेलं असतं.

घरच्यांनी इथून काय करायचं

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक फोनमध्ये तोच क्रमांक सांगा. मोठ्या मोहिमांत दिल्लीचा नियंत्रण कक्ष १८०० ११८ ७९७ या नंबरवर चालला आहे. तरी चालू संकटाचा नंबर मंत्रालयाच्या पानावरून पडताळून घ्या. सोबत जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला (१०७७) नाव कळवा. विमान दिल्लीत उतरलं तर पुढच्या प्रवासाची सोय राज्य सरकार करू शकतं, पण त्यासाठी राज्याच्या यादीत नाव हवं. घरातला एकच माणूस बोलायला ठेवा. परदेशातल्या मुलाला दर दहा मिनिटांनी फोन करू नका, त्याची बॅटरी त्याला लागणार आहे.

खलाशांचं वेगळं असतं. कोकणातली, मुंबईतली कितीतरी पोरं जहाजावर असतात आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या मायकोलायव्ह बंदरातही भारतीय खलाशी अडकले होते. त्यांच्या घरच्यांनी दूतावासाबरोबरच मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाला कळवावं: जहाजाचं नाव, आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), इंडोस क्रमांक (भारतीय खलाशाचा नोंदणी क्रमांक) आणि भरती करणाऱ्या परवानाधारक कंपनीचं नाव. परतीच्या खर्चाची जबाबदारी जहाजमालकाची असते, म्हणून कंपनीला लेखी कळवा. तोंडी आश्वासन पुरत नाही.

अटक झाली तर व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा, म्हणजे आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याच्या हक्काचा, आधार घ्या. 'माझ्या दूतावासाला कळवा' हे वाक्य त्या देशाच्या भाषेत आधीच लिहून ठेवा. न समजणाऱ्या कागदावर सही करू नका.

स्वतःच्या सोयीनं बाहेर पडलात, तर सीमा ओलांडताच फॉर्मवर किंवा गटात 'निघालो' असं कळवा आणि मददची तक्रार बंद करा. नाव यादीत राहिलं तर कुणीतरी तुम्हाला फोन लावत बसतं, आणि बसमध्ये तुमची जागा रिकामी धरली जाते.