वाफा येतात म्हणून कॅन्सरची गोळी थांबवताय? या चुका टाळा

स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनला आवर घालणारी गोळी सुरू झाली की अनेकींना अचानक छातीतून मानेपर्यंत वाफ उसळते, तोंड तापतं, दरदरून घाम फुटतो. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेमध्ये तर हे उन्हाचंच वाटतं. ‘उष्णता वाढलीय’ म्हणत सब्जा, गुलकंद होतो आणि शेवटी ती गोळीच बंद केली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. कॅन्सर उलटू नये म्हणून ही गोळी साधारण ५ वर्षं, काहींना त्याहून जास्त घ्यावी लागते. जत-आटपाडीहून एसटीने पुढच्या तपासणीला जाईपर्यंत सोसत बसू नका. आधी फोन करा, या त्रासावर औषध आहे.

बहुतेकदा वेनलाफॅक्सिन देतात. मेडिकलवाला सहज म्हणतो, ‘ही डिप्रेशनची गोळी आहे’, आणि घरी आल्यावर ती कपाटात जाते. बायांनो, तुम्हाला कुणी वेडं ठरवलेलं नाही. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, तिथला गोंधळ ही गोळी कमी करते. सुरुवात बहुधा ३७.५ मिलिग्रॅमने होते. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, एक-दोन आठवडे द्या. बीपी मोजत राहा. बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, बेचैनी होते.

पण डिप्रेशनची प्रत्येक गोळी टॅमॉक्सिफेनसोबत चालते असं नाही. टॅमॉक्सिफेनचं यकृतात रूपांतर होतं तेव्हा त्याला खरा जोर येतो. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन नेमकं तेच अडवतात. यातली एखादी आधीपासून चालू असेल, तर तीही परस्पर थांबवू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरा आणि ओपीडीत टेबलावर ओता. शतावरीची पावडर, सोयाच्या कॅप्सूलसुद्धा. पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्या मैत्रिणीला लागू पडल्या म्हणून स्तनाच्या कॅन्सरमध्ये घेऊ नयेत.

रात्री वाफांनी झोपमोड होत असेल तर गॅबापेंटिन देतात. सकाळी गुंगी असेल तर गाडी चालवू नका.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या इंजेक्शनांनी पुरुषांनाही वाफा येतात, पण ते बोलत नाहीत. वाफांसाठी ऑक्सिब्युटिनिन ही गोळी लिहून दिली असेल आणि लघवी अडत असेल, तर ते आधी सांगा.

केमो चालू असताना अंग तापलं तर थर्मामीटर लावा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर ती वाफ समजू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.