बिनब्रँडच्या कार्बन फ्रेमवर रोड बाईक: आधी मोजा, मग सुटे भाग घ्या

शियामेन, शेन्झेन, डोंगग्वान या भागातले चिनी कारखाने ‘ओपन मोल्ड’ फ्रेम विकतात. साचा कारखान्याचा असतो, नाव ज्याला हवं त्यानं लावावं. यात लबाडी काही नाही. लबाडी आहे ती नावाजलेल्या कंपनीचे स्टिकर लावून पाव किमतीत विकलेल्या फ्रेममध्ये. तिच्या वाटेला जाऊ नका. बाहेरच्या नावात खोटं बोलणारा आतल्या थरांत खरं बोलेल, याची खात्री कोण देणार?

पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: त्याच मॉडेलचा आयएसओ ४२१० (सायकलच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक) चाचणीचा अहवाल, स्टॅक आणि रीच (क्रँकच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या, वरच्या टोकापर्यंतचं उभं आणि आडवं अंतर) दाखवणारं ड्रॉइंग, बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा) प्रकार, हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या जोडाच्या) बेअरिंगची मापं. ‘टी७००’, ‘टी८००’ हे आकडे फक्त तंतूची प्रत सांगतात, थर कसे रचले ते सांगत नाहीत. साइझ ५२ की ५४ यावर विसंबू नका. सध्याच्या सायकलचा स्टॅक आणि रीच मोजा आणि ड्रॉइंगशी ताडून बघा. फ्रेमबरोबरच थ्रू अ‍ॅक्सल (चाक धरणारी आरपार दांडी) आणि दोन जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो ती पट्टी) मागवा. अ‍ॅक्सलच्या आट्यांचा पिच १, १.५ किंवा १.७५ मिमी असू शकतो, आणि वर्षभरानं नेमका तोच हँगर शोधत बसणं म्हणजे शुद्ध मनस्ताप.

ग्रुपसेट, म्हणजे गिअर, क्रँक आणि ब्रेकचा संच, अजून घेऊ नका. आधी फ्रेम हातात येऊ द्या.

फ्रेम आल्यावर टॉर्च घेऊन हेड ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेटच्या आत बघा. सुरकुत्या, कोरडे पांढरट डाग, सुटलेले थर दिसले तर फोटो काढून लगेच तक्रार करा. मग नाण्यानं टकटक करा. आवाज नळीच्या जाडीप्रमाणे बदलतोच, म्हणून डावी-उजवी बाजू समोरासमोर ताडायची; एकीकडे खणखणीत आणि दुसरीकडे बद्द असेल तर शंका घ्या. सरळपणा तपासायला दोरा पुरतो: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक २ मिमीहून जास्त असेल तर फ्रेम परत करा.

आता बॉटम ब्रॅकेट. या फ्रेमची बहुतेक कुरकुर इथूनच येते. निवड हातात असेल तर आट्यांचं बीएसए किंवा टी४७ घ्या. दाबून बसवायचं बीबी८६ असेल तर भोक ४१ मिमी आणि रुंदी ८६.५ मिमी हवी. व्हर्नियरनं दोन्ही टोकांना, उभं आणि आडवं, असं चारदा मोजा. भोक लंबगोल असेल किंवा दोन भोकं एका रेषेत नसतील तर बेअरिंग तिरकं बसतं, लवकर झिजतं आणि पेडलवर जोर दिला की वाजतं. थोडा फरक असेल तर दोन कप एकमेकांत आट्यांनी घट्ट होणारं बॉटम ब्रॅकेट घ्या. ते स्वतःला सरळ ओढून घेतं. आत रंगाचे थेंब असतील तर बारीक पॉलिश पेपरनं काढा, कार्बन मात्र घासायचं नाही. कप प्रेसनं बसवा, हातोडी नको. बीएसएमध्ये चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी हे आठवा, कारण बिघडलेले आटे कार्बनमध्ये दुरुस्त करणं महागात जातं.

केबल आणि ब्रेकचे होज मात्र बॉटम ब्रॅकेट बसवण्याआधीच ओवून घ्या. आत लायनर (केबल ओवायची बारीक नळी) नसेल तर एका भोकाला व्हॅक्युम क्लीनर लावा आणि दुसऱ्यातून बारीक दोरा सोडा, तो चटकन बाहेर येतो. होजवर फोमची नळी चढवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात फ्रेम आतून खडखडेल.

हेडसेटची वरची बेअरिंग अनेकदा ४१ किंवा ४१.८ मिमीची असते आणि नजरेला दोन्ही सारखीच दिसतात. कडेवर छापलेले कोन (३६×४५ किंवा ४५×४५) फ्रेमच्या बैठकीशी जुळले पाहिजेत.

स्टीअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी) कापणं हे एकमेव काम असं आहे की चुकलं तर फोर्कच नवा घ्यावा लागतो. सगळं जोडून, स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) वर ५ मिमीचा स्पेसर ठेवून खूण करा, पण पहिल्यांदा १५ मिमी जास्तच ठेवा. काही आठवडे चालवून उंची पक्की झाली की शेवटचा काप घ्या. इंचाला ३२ दातांचं हॅक्सॉ ब्लेड, खुणेवर मास्किंग टेप, तोंडाला मास्क, पाणी शिंपडत काप. कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. तीन चतुर्थांश कापून नळी फिरवा आणि उरलेलं उलट बाजूनं कापा, म्हणजे तंतू उसवत नाहीत. वरचं टोक स्पेसरच्या कडेपेक्षा २-३ मिमी खाली हवं. आत एक्स्पांडर प्लग (नळीत फुगून घट्ट बसणारा प्लग) बसवा, तोही स्टेमच्या पकडीच्या पातळीवर. लोखंडी स्टार नट कार्बनमध्ये कधीच ठोकायचा नाही.

टॉर्क रेंच घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टेमचे बोल्ट आणि सीट क्लँप साधारण ५ न्यूटन-मीटर, भागावर कमी आकडा छापला असेल तर तोच खरा. सीटपोस्ट आणि हँडलबारला कार्बन पेस्ट लावा, ग्रीस नको. पेस्टमुळे कमी टॉर्कमध्येही पकड टिकते. शिमानो क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटर, कॅसेटचं लॉकरिंग ४०. गिअर नेहमीसारखेच लावायचे. पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून १ ते ३ मिमी वर ठेवा. फ्लॅट-माउंट (कॅलिपर थेट फ्रेमवर सपाट बसतो तशा) डिस्क ब्रेकच्या बैठकीवर रंगाचे फुगवटे असतील तर कॅलिपर तिरका बसून डिस्क घासते. त्यासाठी कॅलिपरशी झगडण्यात वेळ घालवू नका, आधी रंग काढा.

पहिली फेरी घराजवळ, सपाट रस्त्यावर, २०-३० किमी. परत आल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेट ठकठकला तर स्टेम सैल करून वरचा बोल्ट आवळा, मग स्टेम पुन्हा ५ वर. सगळे बोल्टही एकदा तपासा. आपल्याकडच्या रस्त्यांवर २८ मिमीचे टायर हवेत, आणि टायर व फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी किमान ४ मिमी जागा. रिम ब्रेकची फ्रेम असेल तर कार्बन रिम लावून सिंहगडाच्या किंवा ताम्हिणीच्या उतारावर जाऊ नका. सतत ब्रेक धरला की रिम तापून थर सुटतात. अ‍ॅल्युमिनियमची रिम लावा. उतारावर हँडल थरथरू लागलं तर टॉप ट्यूब दोन्ही गुडघ्यांत दाबा आणि हळूहळू वेग कमी करा.

स्टँडला किंवा गाडीच्या कॅरिअरला पकड सीटपोस्टवर द्या, टॉप ट्यूबवर कधीच नाही. चेनस्टेवर (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) संरक्षक टेप लावा, पावसाळ्यातला लाल चिखल टायरमधून कार्बन पॉलिश पेपरसारखा खरवडतो. सायकल जोरात पडली तर हँडलबार आणि फोर्कवर भरवसा ठेवायचा नाही, ते बदला. नळीला तडा गेला असेल तर कार्बन दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. पाऊस संपला की सीटपोस्ट काढा, फ्रेम उलटी करून साठलेलं पाणी निथळू द्या आणि नवी पेस्ट लावून बसवा. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा, कारण एकदा का तो आत गंजून चिकटला की बऱ्याचदा सीटपोस्ट कापूनच काढावा लागतो.